ढिगाऱ्यातलं निळं दार

खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर रस्त्यावर कोसळला, तेव्हा खालून एकच ट्रक जात होता. ड्रायव्हर जिवंत असेल असं आता कुणीच म्हणत नव्हतं. त्याची बायको तरी कुठे म्हणत होती! तिला तो फक्त परत हवा होता. उद्या संध्याकाळपर्यंत ट्रक हाती लागला नाही, तर ढिगारा तसाच दाबून वरून रस्ता करायचा, असं खाणीच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

"म्हणजे माझ्या लेकाच्या छातीवरून गाड्या जाणार," सासू म्हणाली.

शोधायला दोघे आले, धातू हुडकणारी दोन यंत्रं घेऊन. एकाला सगळे मामा म्हणत, दुसरे त्यांच्या बहिणीचे यजमान, दाजी. दाजींचं यंत्र हलकं, काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती. मामांचं म्हणजे लांब दांडा आणि दोन्ही टोकांना एकेक पेटी. एक पेटी जमिनीला हाक मारते, दुसरी ओ ऐकते.

"तुमचं यंत्र म्हणजे थेट आमची ताई," मामा म्हणाले. "खिळा पडला तरी बोभाटा. खोलातलं काही म्हणून कळत नाही."

"आणि तुमचं तुमच्यावर गेलंय, मेहुणे. पायाशी पडलेलं दिसत नाही."

पण बोलण्यावर निकाल लावायची त्यांची रीत नव्हती. जे शोधायचं त्याचाच तुकडा आधी पुरायचा, वरून दोन्ही यंत्रं फिरवायची, मग ठरवायचं. ड्रायव्हरच्या बायकोने घरामागून ट्रकचं जुनं दार आणून दिलं; निळं, बदलल्यापासून भिंतीला टेकून असलेलं. ढिगाऱ्यात अजून उभ्या असलेल्या विजेच्या खांबाजवळ पुरुषभर खड्डा काढून ते पुरलं. दाजींची चकती वरच्या बाटल्यांच्या बुचांवर किरकिरत राहिली, दाराबद्दल चकार शब्द नाही. मामांची पेटी मात्र खर्जात घुमली.

"घ्या, जिंकलात," दाजी म्हणाले. तेवढ्यात वरून दगड घरंगळायला लागले. सगळे जिवाच्या आकांताने पळाले. दार काढायचं राहिलंच. ढिगारा पुन्हा सरकला आणि खुणेची काठीसुद्धा गिळून बसला.

दुसऱ्या दिवशी खांबापासून बऱ्याच खाली मामांचं यंत्र घुमलं. दुपारभर खोदकाम चाललं. मातीतून निळा पत्रा दिसला तशी सासूने हंबरडा फोडला. साहेब धावत आले. "दार सापडलं म्हणजे ट्रक इथेच. आता कितीही वेळ लागो, खोदा!"

बायको खड्ड्यात उतरली. तिने हाताने माती पुसली. कडीच्या जागी तार होती. नवऱ्याने स्वतः पिळून बसवलेली.

आता गप्प राहिलं असतं तर काम चालू राहणार होतं. भलत्या जागी का होईना, चालू. आणि खरं बोलायची बुद्धी देवाने द्यावी ती नेमकी अशा वेळी! तिने वर पाहिलं. मामांनाही तार दिसली होती. त्यांची मान खाली गेली होती.

"हे जुनं आहे, साहेब. कालच पुरलेलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग संपलं. जेसीबी रस्त्याच्या कामाला लावा."

"थांबा हो जरा," दाजी म्हणाले. "पुरलं त्या खांबाजवळ, निघालं इथे. एका सरकण्यात दार एवढं खाली आलं. मग ट्रक कुठवर गेला असेल? आपण आपले वरच शोधत बसलोय."

मामांनी दांडा खांद्यावर टाकला आणि शोधाच्या हद्दीची दोरी ओलांडून ते उतार संपतो तिथे गेले. तिथे कुणी पाहिलंच नव्हतं. जेसीबी घरघरत वर चढत होता. मामा दोनदा त्याच जागेवरून गेले, मग उभे राहिले. कानांवरचा हेडफोन काढून त्यांनी तो बायकोच्या कानांना लावला.

सासू काठावरून ओरडली, "काय गं? काय म्हणतंय?"

ती बराच वेळ ऐकत होती.

"ओ देतायत, आई," ती म्हणाली. "खूप खोलातून देतायत."

साहेबांनी हात वर करून जेसीबी थांबवला.