दोन बिल्ले

बोट बेटाच्या धक्क्याला लागायच्या आधीच धाकटीने पायातल्या चपला दोनदा काढून पुन्हा घातल्या. नवरा म्हणाला, जरा एका जागी बस. पण तिला चैन कुठली! या एवढ्याशा बंदरगावात तिची थोरली बहीण शिवणकाम करायची, आणि अकरा वर्षं दोघींत अबोला होता. थोरली आईच्या ज्या मशीनवर शिवण शिकली, ते आई गेल्यावर धाकटीने हट्टाने स्वतःच्या घरी नेलं. तेवढं कबूल करायला ती सहलीच्या नावाखाली इथवर आली होती, आणि हाताशी होते फक्त दोन तास.

बोटीवरची रीत साधी होती. उतरताना फळ्यावरून आपल्या नंबरचा बिल्ला घ्यायचा, परतल्यावर टांगायचा. सगळे बिल्ले लागले की बोट सुटणार. दोघांचे बिल्ले नवऱ्यानेच खिशात टाकले. बायको वस्तू हरवते, हे त्याचं लग्नापासूनचं ठाम मत. मग तो बाजार बघायला गेला.

थोरलीचं दुकान एका जिन्याखाली होतं. तिने चष्म्यावरून पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि एक बाही उसवायला घेतली. गुडघेदुखी झाली, पाण्याची टंचाई झाली, भाच्याची नोकरी झाली. मशीन सोडून सगळं बोलून झालं. शब्द ओठांपर्यंत आला की धाकटी घड्याळाकडे बघायची.

भोंगा वाजला.

"जा, बोट सुटेल," थोरली म्हणाली.

"माझा बिल्ला लागल्याशिवाय कशी सुटेल?" धाकटी ऐटीत म्हणाली, आणि बिल्ला कुणाकडे आहे ते तिला आठवलं.

ती दारात धावली. बोट धक्का सोडून बरीच पुढे गेली होती आणि कठड्याशी नवरा दोन्ही हात हलवत होता. पाय दुखले म्हणून गडी लवकर परतला, दोन्ही बिल्ले टांगून मोकळा झाला आणि झोपला असणार. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढची बोट परवा होती. आता घड्याळ बघण्यात अर्थ नव्हता. ती परत स्टुलावर बसली.

"ताई, मशीन तुझं होतं. मी नेलं आणि एकदाही चालवलं नाही. तुला मिळू नये, एवढंच होतं माझ्या मनात."

थोरलीचा हात थांबला.

"तेल तरी घातलंस का त्याला?"

धाकटीने मानेनेच नाही म्हटलं. तिला रडू आवरेना.

थोरलीने दुसरी बाही तिच्या मांडीवर टाकली. "उसव ही. परवापर्यंत काय नुसती बसून राहणार आहेस?"