सोबतचा रकाना

“काका, हे सगळं तुम्ही एकेक करून लिहिलंत?”

आराधनानं मान वर करून इसहाककडं पाहिलं. केसपेपरच्या खिडकीवरची सकाळची झुंबड ओसरली होती आणि ती कॉम्प्युटरवरच्या फॉर्मच्या पोटात शिरून बसली होती.

“मंग? तवा कोन हुतं दुसरं लिहून द्यायला?” इसहाक म्हणाला. आवाजातला कुर्रा काही लपला नाही.

प्रवरेकाठच्या या मिशनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात इसहाक नोकरीला चिकटला, तेव्हा केसपेपर शाईपेनानं लिहीत. मग कुणा दात्यानं कॉम्प्युटर दिला. तो कितीतरी दिवस प्लॅस्टिकचं कव्हर पांघरून नव्या नवरीसारखा कोपऱ्यात बसून होता. हात लावायला कुणी धजेना. शेवटी इसहाकच सुट्टीच्या दिवशी नेवाशाला क्लासला जाऊन शिकून आला आणि त्यानं पेशंटच्या नोंदणीचा फॉर्म बनवला. नाव, गाव, जन्मतारीख, उजवा डोळा, डावा डोळा, साखर, रक्तदाब. प्रत्येक रकान्यामागं त्यानं हुकूम लिहून ठेवला होता: इथून कुणी बाहेर पडायला लागलं की रकाना भरलाय का बघ, रिकामा असला तर पिवळा कर आणि पुढं जाऊ देऊ नकोस. वाफ्यात कांद्याचं रोप लावावं तसा हाच हुकूम त्यानं एकेका रकान्यामागं वेगळा लावला होता. पुढं सुपरिंटेंडंट जोएलसाहेबांना पिवळा रंग आवडेनासा झाला. त्यांनी गुलाबी सांगितला आणि इसहाक पुन्हा प्रत्येक वाफ्यात वाकला. त्यात रक्तदाब राहून गेला. तो आजही पिवळाच व्हायचा.

महिनाअखेर इसहाक रिटायर होणार होता. त्याच्या जागी ही पोरगी घेतली होती. नेवाशाहून एसटीनं यायची, पाचच्या गाडीनं परत जायची. घरी लहान मुलगी सासूकडं ठेवलेली. हुशार होती, पण हुशारी मिरवत नव्हती, म्हणून इसहाकला ती आवडली होती.

“एवढं लिहायचं नाही, काका,” ती म्हणाली. “एकदाच लिहायचं. एकच फंक्शन. आणि सगळ्या रकान्यांना सांगायचं, तुमच्यातून कुणी बाहेर पडलं की यालाच हाक मारा.”

“समदे एकालाच हाका मारनार? मंग त्येला कसं कळायचं, कुनी बोलीवलंय ते?”

“ते आधी तेवढंच बघतं. कुणी हाक मारली. मग त्याचं काम करतं.”

इसहाकनं पडद्यावरच्या रकान्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“आमच्या हन्नावानी!”

हन्ना म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात कुणी पाणी मागे, कुणी मोजे शोधे, म्हातारी सासू नुसतीच कण्हे. सगळ्यांची हाक एकीलाच. आणि ती चुलीपुढून न उठता, नुसत्या आवाजावरून ओळखायची, कुणाला काय हवंय. इसहाकनं हे इतक्या कौतुकानं सांगितलं, की आराधनाला पुढं काही समजवावंच लागलं नाही.

“मंग कर की तसं,” तो म्हणाला. “माझी पाठ मोडली ती मोडली. तुझी कशाला मोडायची?”

दोन दिवसांत तिनं सगळे रकाने एका फंक्शनला जोडले. रक्तदाबसुद्धा गुलाबी व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी मात्र ती पेन चावत बसली.

“काका, एक रकाना यात बसेना. ‘सोबतचं माणूस’. तुम्ही इथं भलतंच लिहून ठेवलंय. रिकामा असला तर थांबवायचं नाही. ‘इसहाक’ भरायचं आणि पुढं जायचं. हे कसं काय?”

इसहाक लाजला. एवढा पिकल्या केसांचा माणूस, पण लाजला.

दवाखान्याचा नियम असा होता, की मोतीबिंदूच्या पेशंटसोबत घरचं माणूस हवंच. डोळ्याला पट्टी लागते, हात धरून न्यावं लागतं, थेंब घालावे लागतात. नियम वाईट नव्हता. पण एकदा काष्टीकडून साळूबाई नावाची म्हातारी एकटीच आली. सोबत कोण आहे, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि खिडकीतल्या इसहाककडं बोट केलं. “ह्यो हाय की!” डॉक्टर हसले, इसहाकही हसला आणि हसता हसता त्यानं रकान्यात आपलं नाव लिहिलं. मग लिहिलं म्हणून संध्याकाळी तिच्याजवळ बसला. लिहिलं म्हणून दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं. जाताना म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, दृष्ट काढली.

“फुडं आशी लई यायला लागली,” इसहाक सांगत होता. “कुनाचं पोरगं मुंबैला, कुनाचं कुनीच न्हाई. दर बारीला आपलंच नाव टायपायचा कट्टाळा आला, मंग मशीनलाच सांगितलं, तूच लिही बाई.”

“आणि तुम्ही प्रत्येकाजवळ बसलात?”

“घरी जाऊन तरी काय करनार हुतो? हन्ना गेलेली. पोरगा नोहा शिकायला बाहेर.”

तेवढ्यात जोएलसाहेब फॉर्म कसा झालाय ते बघायला आले. माणूस करडा नव्हता, पण नियमाचा होता. त्यांनी तो रकाना पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

“इसहाक, तुम्ही एकतीस तारखेला जाणार. त्यानंतर तुमचं नाव पडलं तर वॉर्डानं कुणाला शोधायचं? ते काढा. रिकामा रकाना चालणार नाही. सगळ्यांना एकच नियम.”

बोलणं सरळ होतं. साहेब गेल्यावर आराधनानं इसहाककडं पाहिलं. आता याचं काय करायचं, हेच तिच्या डोळ्यांत होतं. इसहाकच्या मनात आलं, हिचं नाव घाल म्हणावं. जिभेपर्यंत आलं. पण पाचची गाडी आठवली, सासूच्या मांडीवर पेंगणारी पोर आठवली. आपली वाट बघणारं कुणी नव्हतं म्हणून आपण बसलो. हिच्या गळ्यात ही धोंड कशाला बांधायची?

“काढ त्ये,” तो म्हणाला. “सायेबाचं बरूबर हाय.”

“काका...”

“काढ म्हन्तो ना.”

त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाही.

निरोपसमारंभात शाल मिळाली, घड्याळ मिळालं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. जोएलसाहेब त्याला गेटापर्यंत पोचवायला आले, तेही मनापासून. इसहाकनं सगळ्यांना सलाम केला आणि घरी आला. पुढं बरेच दिवस त्याला चैन पडेना. संध्याकाळ झाली, की वाटे, आत्ता कुणीतरी खिडकीशी उभं असेल, रकाना गुलाबी झाला असेल आणि माणसाला सांगितलं असेल, सोबत कुणाला तरी घेऊन या. कुणाला आणेल ते? या विचारानं तो भरल्या ताटावरून उठून जाई.

गंमत म्हणजे सगळ्या तालुक्याच्या डोळ्यांची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. आधी कॅलेंडरवरची अक्षरं गेली, मग रविवारी उपासनेत गीतांची. शेवटी एक दिवस त्यानं घरातल्याच उंबऱ्यावर ठेच खाल्ली आणि ठरवलं, आता पुरे. नोहाला मात्र कळवलं नाही. पोरगा हैदराबादला, नोकरी नवी. कळवलं तर धावत येईल आणि तिकडं नोकरीवर पाणी सोडून बसेल. मग सोबत कोण? शेजारचा करण गाडी लावून मागून येतोय, असं ठोकून द्यायचं त्यानं एसटीत बसल्या बसल्याच ठरवलं. आयुष्यभर ज्या खिडकीत खरं लिहिलं, तिथं खोटं बोलायचं म्हणून तो ते वाक्य वाटभर मनात घोळवत राहिला.

“काका! तुम्ही?” खिडकीतून आराधनाचा आवाज आला. चेहरा त्याला धुक्यातल्यासारखा दिसत होता.

“सलाम, बाळा. पेशंट म्हनून आलोय. लिही.”

तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं. “जन्मतारीख?”

“एक जून.”

दोघंही हसले. शाळेत मास्तरांनी दाखल करताना अर्ध्या तालुक्याला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. मग डोळे झाले, साखर झाली, रक्तदाब झाला. टॅबच्या बटणाचा टकटक आवाज इसहाक कान देऊन ऐकत होता. आता पुढचा रकाना कोणता, हे त्याला पाठ होतं.

“आमच्या शेजारचा करण... मागनं येतोय... गाडी लाव...”

टक. ती पुढं गेलीसुद्धा. प्रिंटरनं कागद बाहेर ढकलला.

“थांबला न्हाई त्यो?” इसहाकनं विचारलं.

“कशाला थांबेल?” आराधना म्हणाली. “साहेब म्हणाले, रिकामा रकाना चालणार नाही. मी रिकामा ठेवतच नाही. फंक्शन सगळ्यांना एकच आहे, काका. फक्त ‘सोबत’ची हाक आली, की ते बघतं, खिडकीवर आत्ता कोण बसलंय. त्याचं नाव घालतं. तुमच्यासारखं एकाच माणसाचं कोंबून ठेवलं नाही. माझी सुट्टी असली की औषधाच्या खिडकीवरची ज्योती इथं बसते, मग तिचं पडतं.”

“चिडली आसंल की ती!”

“पहिल्यांदा लई चिडली. मग एका आजीजवळ बसली एक संध्याकाळ. आता काही बोलत नाही.”

“आन सायेब?”

“साहेबांनी बघितलं. काही म्हणाले नाहीत. मागच्या आठवड्यात माझी सुट्टी होती आणि ज्योतीला बरं नव्हतं, तर स्वतःच खिडकीवर बसले होते. त्यांचंही नाव पडलं एकदा.”

इसहाकनं केसपेपर डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. अक्षरं काही लागेनात. पण त्या रकान्याची जागा त्याला ठाऊक होती. त्यानं तिथं अंगठा टेकवला. त्याला भरून आलं आणि त्यानं ते खोकल्यावर नेलं.

“ऱ्हाऊ दे, बाळा,” तो म्हणाला. “कागदावं लिवलं, तेवढं लई झालं. आप्रेशनला दुपार हुईल. तू आपली पाचच्या गाडीनं जा. पोरगी वाट बघंल.”

ती उत्तर द्यायच्या आत मागच्या माणसानं कागद पुढं केला, म्हणून ते बोलणं तिथंच राहिलं.

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू. वॉर्डाबाहेरच्या बाकावर इसहाक भिंतीला टेकून बसला. आजवर तो या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत आला होता. आजूबाजूला चपला वाजत होत्या, कुणाची सून डबा उघडत होती, कुणाचा भाऊ औषधाचं विचारत होता. आपल्याला थेंब कोण घालणार, याचा विचार त्यानं मुद्दाम केला नाही. सवय असलेल्या माणसाला काय अवघड आहे, असं स्वतःला सांगत राहिला. तरी चपला जवळ आल्या की त्याची मान आपोआप वळायची आणि चपला पुढं निघून जायच्या. मग गेटाबाहेर पाचच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि त्यानं मान वळवणं सोडून दिलं.

“इसहाक! डिस्चार्ज,” दारातून सिस्टरनं हाक दिली. “यांच्यासोबत कोण आहे?”

इसहाकनं घसा साफ केला. कुणी नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंच होतं.

“मी आहे की!”

आवाज ओळखायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती. त्यानं हात पुढं केला आणि आराधनानं तो धरला.