मेणाचा तिसरा थर

"बाबा, तुम्ही पैसे खाल्लेत का?"

भिंगरीने प्रश्न टाकला आणि झटकन पाण्याचा पेला तोंडाला लावला, म्हणजे पेल्याच्या काठावरून बाबांचा चेहरा नीट बघता येईल. ही युक्ती वर्गातल्या बंगलीची. "विचारलंस की लगेच डोळ्यांत बघ. चोर असेल तर पापणी हलते," असं बंगलीने मधल्या सुट्टीत ठणकावून सांगितलं होतं आणि टाळी नावाच्या तिच्या मैत्रिणीने नेहमीप्रमाणे तिच्या हातावर टाळी दिली होती. "हिंमत असेल तर विचार. नाहीतर वक्तृत्व स्पर्धेत मिळालेल्या त्या कपातच पाणी पीत बस!" असंही बंगली म्हणाली होती.

बाबांची पापणी हलली नाही. घास थांबला. ताट आणि तोंड यांच्या बरोबर मधोमध.

"काय विचारलंस?" आईने ओठांतली टाचणी काढून विचारलं. आई घरीच शिवणकाम करायची. तिच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचणी नसेल तर ती आजारी आहे असं खुशाल समजावं.

"मी नाही म्हणत, लोक म्हणतात."

"कोण लोक?" बाबा म्हणाले.

झालं! भिंगरीच्या मनात पाल चुकचुकली. 'खाल्ले' नाही, 'नाही खाल्ले' नाही. 'कोण लोक?' या उत्तरातली ती मुरलेली खेळाडू होती. आरसा कुणी फोडला, असं विचारलं की तिने आजवर 'कोण म्हणालं?' असंच उत्तर दिलं होतं, आणि आरसा दर वेळी तिनेच फोडलेला होता.

"बंगलीचे पप्पा म्हणतात," ती म्हणाली.

बाबांनी घास तोंडात घातला, नीट चावला, ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. ते हात खूप वेळ धूत राहिले.

बाबा माती तपासायचे. पूर्वी कुणी विचारलं तर भिंगरी नुसतं 'प्रयोगशाळेत असतात' असं पुटपुटायची. ऐकणाऱ्याला रक्त, औषधं, पांढरे कोट असं काहीतरी वाटायचं आणि ती ते वाटू द्यायची. पण वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिची जीभ जमिनीला टेकत नव्हती. कुणी न विचारताच ती सांगत सुटली होती की शाळेमागच्या भल्यामोठ्या खड्ड्यातली माती तिच्या बाबांनी तपासलीय आणि त्या खड्ड्याची भिंत किती जाड बांधायची हे त्यांच्या आकड्यावर ठरणार आहे.

तो खड्डा बंगलीच्या वडिलांचा. वर दुकानं, खाली दोन मजली तळघर. आता आकडा आला होता आणि तो ऐकून बंगलीच्या वडिलांचं डोकं फिरलं होतं. वरून माती जितकी दाबते त्याच्या तिप्पट ती बाजूने दाबते, असं तो आकडा म्हणत होता.

"माती कधी बाजूने दाबते का गं?" बंगलीने विचारलं होतं. "पप्पा म्हणाले, आजवर इतक्या इमारती बांधल्या, निम्म्याच्या वर आकडा बघितला नाही. भिंतीच्या ठेकेदाराला जाड भिंत हवीय आणि तुझ्या बाबांना त्याने खूश केलंय. कुठेतरी पाणी मुरतंय!"

"मुरतंयच!" टाळी म्हणाली होती.

आणि भिंगरीला एकेक गोष्ट आठवायला लागली. बाबा हल्ली सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये जात होते. फोन आला की गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होते. परवा तर ती खोलीत शिरली तेव्हा ते दिव्याखाली उभं राहून कागदात गुंडाळलेलं काहीतरी वर धरून बघत होते. तिला बघताच त्यांनी ते खिशात घातलं.

"काय आहे?"

"मेण."

मेण! मेणाचा तुकडा कुणी खिशात लपवतं का?

शनिवारी सकाळी बाबा चपला घालत असताना ती दप्तर न घेताच दारात उभी राहिली.

"मला लॅब बघायचीय."

"आज?"

"आजच. शाळेला सुट्टी आहे. का, आज काही गुपित आहे?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने मशीनवरून मान वर केली नाही, पण मशीन थांबलं.

"चल," बाबा म्हणाले. "पण मी सांगेन तेव्हा गप्प बसायचं."

लॅब म्हणजे लांबलचक खोली होती. एका टोकाला ओव्हन, त्यातून भाजलेल्या मातीचा वास येत होता. दुसऱ्या टोकाला एका पातेल्यात मेण मंद आचेवर वितळत होतं आणि त्याशेजारी रंगाऱ्याचा असतो तसा ब्रश होता. रॅकवर मेणाने लिंपलेले ठोकळे ओळीने बसले होते. प्रत्येकावर एक बाण.

"बाण कशाला?"

"वरची बाजू कुठली ते कळायला. जमिनीतून बाहेर काढलं की माती सांगत नाही, माझं डोकं कुठे आणि पाय कुठे."

भिंगरीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. ती इथे हसायला आली नव्हती. ती बाबांच्या हातांवर नजर ठेवून होती.

"बंगलीचे पप्पा म्हणतात, माती बाजूने दाबत नाही."

"साधी माती फार नाही दाबत," बाबा म्हणाले. त्यांनी वाळत घातलेल्या ठोकळ्याचा एक तुकडा तिच्या हातात दिला. दगडासारखा कडक, निळसर करडा. "ही मात्र हट्टी आहे. फार पूर्वी हिच्या डोक्यावर मातीचा डोंगर होता. तो हळूहळू धुपून वाहून गेला. वरचं ओझं गेलं, हिचं अंग काही सैल झालं नाही. आजूबाजूची माती हिला अजून तसंच आवळून बसलीय."

"मग ते मोजायचं कसं? तुम्ही तर हिला बाहेर काढलंत. आता कोण आवळणार?"

बाबा थांबले. लेकीने बरोबर जागेवर बोट ठेवलं, की जी माणसं आनंदाने थांबतात, तसे.

"हेच! बाहेर काढल्याबरोबर ती फुगायला बघते. पण आतलं पाणी तिला धरून ठेवतं, आत ओढतं. ती ओढ मोजायची आणि त्यावरून उलटा हिशेब करायचा, की जमिनीत हिला बाजूने किती दाबलं होतं. म्हणून तर मेण. आतलं पाणी जसंच्या तसं राहायला हवं. थेंब आत नको, थेंब बाहेर नको."

"आणि तुम्ही वाटेल तो आकडा लिहिलात तर?"

"लिहिता येईल की," बाबा सहज म्हणाले. "कोण बघतंय?"

भिंगरीच्या अंगावर काटा आला. हे असं कुणी कबूल करतं का? की खरा बेरकी माणूसच असं कबूल करतो?

तेवढ्यात बाबांनी थर्मोकोलच्या खोक्यातून एक काचेची बरणी काढली. आत मातीची जाड चकती होती आणि तिच्या पोटाखाली फिल्टर पेपरची तीन वर्तुळं.

"खड्ड्यातलाच दुसरा ठोकळा," ते म्हणाले. "आठवडाभर बंद होता. कागदाने मातीतलं पाणी प्यायचं. माती जितकी जोरात धरून ठेवते तितकं कागदाला कमी मिळतं. आता मधला कागद काढून वजन करायचं. तुझ्या श्वासानेही वजन बदलेल. गप्प."

भिंगरीने श्वास रोखला. वर्गात ज्या मुलीला सलग तीन वाक्यं गप्प बसवता आलं नव्हतं, तिने नाक, तोंड सगळं बंद करून घेतलं. बाबांचा हात एरवी चहाचा कप उचलतानाही जरा थरथरायचा. आता चिमट्यात तो कागद पकडून त्यांनी असा उचलला की हवेलाही कळलं नाही. छोट्या डबीत टाकला, झाकण लावलं, काट्यावर ठेवलं. भिंगरी त्यांच्या बोटांकडे बघत होती. बोटांनी काही लबाडी केली नाही.

काट्यावरचा आकडा स्थिर झाला.

बाबांनी तो वहीत पहिल्या ठोकळ्याच्या आकड्याखाली लिहिला.

"कागद जड आहे. पाणी जास्त मिळालंय त्याला," ते म्हणाले.

"मी श्वास घेऊ?"

"घे."

"जड म्हणजे चांगलं की वाईट?"

"मातीचं चांगलं, तिची ओढ कमी निघाली. माझं वाईट." त्यांनी खिशातून तो मेणाचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला. उजेडात केसाएवढा एक तडा दिसत होता. "पहिल्या ठोकळ्यावरचं मेण. मला तेव्हापासूनच शंका होती. दाब तिप्पट नाही. दुपटीच्या जरासा वर आहे."

"म्हणजे खरंच पाणी मुरत होतं!" भिंगरीच्या तोंडून निसटलं.

"मुरलं असतं तर आकडा कमी आला असता," बाबा म्हणाले. "पाणी उडालं. माती सुकली आणि सुकलेली माती जास्त ओढते."

ते खुर्चीवर बसले. खिशाला हात लावून चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

भिंगरी हात धुवायला मागच्या नळावर गेली. तिथे भांडी घासणाऱ्या मावशी बरण्या पालथ्या घालत होत्या.

"तूच ना ती भाषणवाली?" मावशी म्हणाल्या. "बाई गं, त्या दिवशी काय धावपळ केली तुझ्या बाबांनी! एरवी मेणाचे तीन थर दिल्याशिवाय जागचा हलत नाही हा माणूस. एक थर वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. कुणी हाक मारली तरी ओ देत नाही. त्या दिवशी त्या खड्ड्यातल्या ठोकळ्यावरचा दुसरा थर ओला होता तोच ब्रश टाकून पळाले. 'मावशी, पोरीचं भाषण आहे!' ब्रश वाळून लाकूड झाला. मला टाकून द्यावा लागला."

नळ चालूच राहिला.

भिंगरीला ते आठवलं. भाषण सुरू झालं होतं, तेव्हा मागचं दार उघडलं आणि बाबा वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत, शेवटच्या रांगेत बसले. बक्षीस मिळाल्यावर ते पुढे आले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या बाहीवर मेणाचा मोठा ओघळ होता. "तुझ्या बाबांच्या हातावर मेणबत्ती वितळली की काय!" बंगली म्हणाली होती. टाळीने टाळी दिली होती. भिंगरीही हसली होती, आणि फोटो काढताना बाबांच्या त्या हाताच्या पुढे उभी राहिली होती.

घरी परतताना ती बाबांच्या मागे दोन पावलं चालत राहिली. बाबांनी दोनदा विचारलं, भूक लागलीय का.

संध्याकाळी आई शर्ट इस्त्री करत होती. सोमवारी मोठ्या साहेबांनी बाबांना बोलावलं होतं. बंगलीचे वडीलही येणार होते.

"मी सांगून टाकणार," बाबा म्हणाले. "पहिला आकडा चुकला. नमुना सुकला होता."

इस्त्री थांबली. "अहो, ते कुणी विचारलंय तुम्हाला? आकडा जास्तच आलाय ना? भिंत जाड होईल. जाड भिंतीने कुणाचं वाईट झालंय? मी ब्लाउज शिवताना आत जास्तीच्या कापडाची माया सोडते की नाही? घट्ट झाला तर फाटतो, सैल झाला तर चालतो. भिंतीत थोडी माया राहिली म्हणायचं आणि गप्प बसायचं."

"माया सोडायची तर ती सांगून सोडायची," बाबा म्हणाले. "चुकीला माया नाही म्हणत."

"आणि लोक काय म्हणतील? खाल्लेलं पचलं नाही म्हणून ओकला! आज नुसता संशय आहे, उद्या त्यांच्या हातात पुरावा द्याल तुम्ही. नवा आकडा तरी त्या माणसाला आवडणार आहे का? त्याला तर निम्मा हवाय."

"नाही आवडणार."

"मग दोन्हीकडून मार. टेबलावरून उचलून गोदामात बसवतील, बघा."

"बसवतील." बाबा हे असं म्हणाले, जसं काही गोदाम त्यांनी आधीच बघून ठेवलं होतं, खिडकी कुठे आहे तेही.

आईने दुसरी वाट धरली. "बरं, सांगायचंच आहे ना? मग उन्हाने मेण तडकलं म्हणा. ऊन काही साक्ष द्यायला येत नाही."

"तीन थर दिले असते तर उन्हाने तडकलं नसतं."

"मग का नाही दिला तिसरा?"

भिंगरी सोफ्याच्या हातावर बसली होती. तिने नकळत श्वास रोखला.

बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी आईकडेही बघितलं नाही. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"राहिला," ते म्हणाले.

तेवढंच. भिंगरी वाट बघत होती, पण पुढे काही आलं नाही. जमिनीतून काढलेल्या त्या ठोकळ्यासारखे ते गच्च बसून राहिले. आतलं आत धरून.

आई पुटपुटत पुन्हा शर्टाकडे वळली. बाही उलगडली आणि तिने कपाळाला हात लावला. "हे बघा! कधीचं मेण आहे हे? धुतलं, घासलं, हलत नाही." तिने मेणावर कोरा कागद ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली. कागदावर हळूहळू एक तेलकट डाग पसरायला लागला. कागद मेण पीत होता. आईने कागद सरकवला, पुन्हा दाबला. बाहीवर फिकट वर्तुळ तरीही उरलंच.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "बाही दुमडून घेईन."

"नको दुमडू," भिंगरी म्हणाली. बाबांना तिने आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं, ते तिच्याही लक्षात आलं नाही.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती सोफ्याच्या हातावरून उतरली आणि भाषणाला उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. हात मात्र कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही," ती म्हणाली. "मी बाबांबरोबर जाणार. बंगलीचे पप्पा असले तरी जाणार. मी काही बोलणार नाही, आई, शप्पथ. नुसती बाबांच्या बाजूला उभी राहणार."