वाजणारा दगड

नवसूला दगड कळतो, याबद्दल वाडीत दुमत नव्हतं. जोत्याचा दगड असो की पाट्याचा, लोक त्यालाच बोलावून न्यायचे. तो हातोडीचा एक ठोका द्यायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "ह्यो घ्या." खणखणीत वाजला तो जिवंत, बद वाजला तो कुजका. डोंगरातल्या माणसाला एवढं शहाणपण जन्मभर पुरतं. नवसूचा घात मात्र त्याच शहाणपणानं केला.

वाडी नवलाख उंबरे गावाच्या वरच्या अंगाला. डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर चढ, तोही पायवाटेचा. चार वर्षांपूर्वी त्याची बायको हिरी तापानं फणफणली, तेव्हा घोंगडीची झोळी बांबूला बांधून तिला खाली न्यायला निघाले. निम्म्या वाटेवर, वळणापाशी, तिनं पाणी मागितलं. वळणाखालीच वाडीचा बारमाही झिरा. नवसूनं ओंजळ भरून आणली, ती प्याली, आणि पुढच्याच उताराला तिनं प्राण सोडला. तेव्हापासून रस्त्यासाठी नवसूनं ग्रामपंचायतीचे उंबरठे झिजवले.

रस्ता मिळाला तो असा. एमआयडीसीतल्या एका पोलादाच्या कारखान्यात नवसू रोजंदारीवर होता. भट्टीतून लोखंड काढल्यावर जो काळा दगड उरतो, त्याला तिथं स्लॅग म्हणतात. आवारात त्याचे ढीगच्या ढीग. रस्त्याच्या भरावाला तो चालतो, खडीसाठी डोंगर फोडावा लागत नाही, म्हणून वाडीच्या रस्त्याला तोच टाकायचं ठरलं. कारखान्यातल्या इंजिनिअर नीरजा मॅडम यांनी बजावलं होतं, "गेटजवळच्या जुन्या ढिगातलाच माल भरा." एवढं सांगून त्या कामानिमित्त पुण्याला गेल्या, आणि लोडरवाल्याजवळ उभा राहिला नवसू.

जुना ढीग दोन पावसाळे खाल्लेला, पांढुरका, भुगा सुटलेला, वर गवत उगवलेलं. नवसूनं ठोका दिला. बद वाजला. मागचा नवा ढीग काळाकुळकुळीत. त्यातला दगड घंटेसारखा वाजला.

"आमच्या वाडीला कुजका माल व्हय? ह्यो भर, ह्यो!"

लोडरवाल्याला काय त्याचं! त्यानं तो भरला. चार दिवस डंपर चालले. वैशाखात रस्ता झाला, वाडीनं नारळ फोडला आणि नवसूला फेटा बांधला.

पावसाळाभर कुणाला काही कळलं नाही, पाण्याला पाणी लोटत होतं. दिवाळीनंतर ओढे आटले आणि झिऱ्यानं रंग दाखवला. खेकडे काठावर येऊन मेले. दगडांवर पांढरी साय धरली. नवसूची सून सुषमा, पोटुशी, आठवा सरत आलेला. ती एका सकाळी म्हणाली, "मामा, भात पिवळा व्हतोय. हळद तर घातली न्हाई मी."

हात धुतले की साबण लावल्यागत बुळबुळीत लागायचे. नवसू म्हणाला, "पंचायतीनं औषध टाकलं आसंल. दरसाल पांढरी पावडर टाकत्यात की." त्याच्या शब्दावर सगळी वाडी पंधरा दिवस ते पाणी औषध समजून प्याली. मग सुषमाचं तोंड आतून सोललं, आणि रस्ता जागोजाग फुगून वर आला.

नीरजा मॅडम आल्या. झिऱ्यात पाणी तपासायची कागदाची पट्टी बुडवली, ती गडद निळी झाली. रस्त्यावरचा एक दगड हातात घेऊन त्या नवसूकडे वळल्या.

"नवसूभाऊ, हा जुन्या ढिगातला नाही."

"न्हाई. त्यो कुजका व्हता."

"कुजका नव्हता हो, मुरलेला होता!" मॅडमचा आवाज चढला. "याच्या पोटात कळीचा चुना असतो, पाणी लागलं की फुगतो. तो पावसात आधीच विरून जावा म्हणून ढीग ठेवतात. मुरलेला टाकला असता, तर हाच रस्ता वर्षानुवर्षं टिकला असता. तुम्ही कच्चा आणलात. तो आता इथं विरतोय, तुमच्या झिऱ्यात."

नवसूच्या तोंडचं पाणी पळालं. "मंग काढा की त्यो!"

"मी लेखी दिलंय. पण आचारसंहिता लागलीय, निविदा ती उठल्यावर निघेल. वळणावरचा भराव निघेपर्यंत झिरा सुधारणार नाही. तोवर हे पाणी जनावरालाही दाखवू नका."

त्या दिवसापासून नवसूचा मुलगा लखन मोटारसायकलवरून पाण्याचे कॅन आणू लागला. नवसूनं टिकाव घेतला आणि वळणावरचा भराव एकट्यानं फोडायला लागला. शेजारचा निवृत्ती धावत आला.

"येड लागलं का रं? सुनंचं दिस भरत आल्यात आन् तू रस्ता फोडतोस? गाडी कुठनं यील?"

"आजून ईस दिस हायेत. धा दिसांत वळण मोकळं करतो, मुरूम भरतो. झिराच मेला तर वाडीत ऱ्हाणार कोण? गाडी मंग कुणाला न्यायला यील?"

निवृत्ती आल्या पावली माघारी गेला. टिकाव धरायला कुणी आलं नाही. आणि का यावं? फेटा एकट्यानं बांधून घेतला होता. ओल्या चुन्यानं नवसूची बोटं चिरली, तळव्यांची कातडी निघाली. रात्री त्याला घास धरवेना. पाचव्या दिवशी रस्त्याच्या आरपार वीस पावलांचा, कंबरभर खोल चर पडला होता.

सहाव्या दिवशी भर दुपारी सुषमाला कळा सुरू झाल्या. लखन चरापलीकडे लावलेली मोटारसायकल घेऊन खाली कॅन आणायला गेलेला, घरातला कॅन सकाळीच संपलेला. एकशेआठला फोन लावला. फुगवट्यांवरून आदळत गाडी वळणापर्यंत आली आणि चराच्या पलीकडे थांबली.

तोच बांबू निघाला. घोंगडीही तीच, हिरीची. नवसूनं पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मागचं निवृत्तीनं. सोललेल्या तळव्यातून रक्त बांबूवर उतरत होतं, पण ते बघायला त्याला सवड नव्हती. "देवा, हिला न्हेऊ नगं," एवढंच तो पुटपुटत होता.

वळण आलं. चरात उतरण्याआधी झोळी जरा टेकवली. ऊन तापलेलं. सुषमाचे ओठ कोरडे पडलेले, आतून सोललेल्या तोंडातून शब्द धड फुटत नव्हते.

"मामा... पाणी."

खाली, दहा हातांवर, झिरा काठोकाठ भरला होता. पाणी इतकं निवळ की तळाचे खडे मोजावेत. नवसूचे दोन्ही हात आपोआप ओंजळीसारखे जुळले. त्यानं ते खाली टाकले आणि पुन्हा बांबूला घातले.

"गाडीत हाय पोरी," तो म्हणाला, "पल्याड गेलं की देतो."

गाडीत पाणी आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो चरात उतरला.