उभ्या दगडाच्या अलीकडे

सुधाकर नरोलीच्या चाळीत पोहोचला तेव्हा बोअरची गाडी अंगणात उभी होती, आणि काल जिथे तो दमून बसला होता, नेमका तिथेच तिचा लोखंडी मनोरा रोखलेला होता. खाली हळदकुंकू वाहिलेला दगड होता, शेजारी फोडलेला नारळ.

उन्हाळाभर तो सरकारी भूजलाच्या नकाशासाठी गलोंड्यापासून सायलीपर्यंत विहिरींत मोजफीत सोडत, ओढ्यांतले खडक तपासत हिंडत होता. लोक त्याला जमिनीखालचे पाणी सांगणारा पाणाड्याच समजत. तो वाकला तिथे खूण, थांबला तिथे आशा. समजावून सांगण्याचे त्राण कधीच सरले होते. तो हसून पुढे जाई.

"या साहेब! तुमचीच वाट बघत होते," कमळाबाई म्हणाली. धुळ्याकडची ही बाई कारखान्यांतल्या कामगारांना खोल्या भाड्याने देत असे. तिचा जुना बोअर होळीपासून कोरडा पडला होता आणि निम्म्या खोल्यांना कुलपे लागली होती.

"कमळाबाई, इथे पाणी नाही."

"मग काल इथं एवढा वेळ डोळे मिटून काय केलं? मी चहा आणला, तसाच मागं नेला. म्हटलं, साहेबाला पाणी लागतंय."

"पाय दुखत होते, म्हणून बसलो होतो."

गाडीवाला भावेश खदाखदा हसला. "लो मासी! साहेबांचे पाय दुखले, नि तुम्ही नारळ फोडून मोकळ्या!"

कमळाबाई हसली नाही. "उरलेली पोरंबी जातील आता. मग ह्या भिंतींशी बोलत बसू का मी?"

सुधाकर गप्प राहिला असता तरी चालले असते. गाडीने खडक भरडला असता, कोरडी भुकटी उडाली असती आणि दोष नशिबाच्या माथी गेला असता. नकाशावर या जागेला कमी पाण्याचा एक फिका रंग पुरेसा होता.

त्याने जमिनीवर चपलेने रेघ ओढली. "इथे खाली काळा दगड भिंतीसारखा उभा आहे. डोंगराकडून झिरपणारे पाणी त्याला अडून पलीकडेच साचते. तुमची चाळ अलीकडे आहे."

"पलीकडं तर कारखान्याचं मोकळं आवार," ती म्हणाली. "मला ते दारातूनच हाकलतील. तुमचं ऐकतील, साहेब."

कुणासाठी रदबदली करणे त्याच्या कामात बसत नव्हते. सायलीच्या विहिरी वाट पाहत होत्या. आयुष्यभर त्याने पाण्याच्या रेषा कागदावर आखल्या होत्या. त्या रेषांवरून चालत कुणाच्या दारात उभे राहण्याची वेळ त्याने स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती.

"भावेश, जरा थांबा," तो म्हणाला, आणि कमळाबाईच्या मागोमाग निघाला.

कारखान्याच्या फाटकातली छोटी खिडकी किलकिली झाली. "क्या काम है?" पहारेकऱ्याने विचारले.

कमळाबाईने सुधाकरकडे पाहिले. खिशातले सरकारी ओळखपत्र चाचपणारा त्याचा हात रिकामाच बाहेर आला.

"पानी माँगने आए हैं," तो म्हणाला.