मेंढ्याचं माप कुत्रीला

तंबाखूने पिवळं पडलेलं एक बोट ओठाखाली शिरतं.

मेळ्यात इडिथच्या आल्याच्या केकला दुसरं बक्षीस. पहिलं पाद्र्याच्या बायकोला, दरवर्षीप्रमाणे.

मेंढ्याला वरचे पुढचे दात नसतात. खालचे दात वरच्या हिरडीवर नेमके टेकले पाहिजेत. पुढे आले, तर डोंगरावरचं आखूड गवत तुटत नाही आणि फेब्रुवारीत मेंढा आडवा होतो.

कोल्ह्याने नेलेली सात कोकरं, एका आठवड्यात.

"नापास."

हा शब्द कुत्र्यांचा परीक्षक लँटी ग्रिझडेलचा. ऑगस्टच्या मेळ्यात, दोर बांधून केलेल्या रिंगणात, साठ-सत्तर माणसांसमोर त्याने तो उच्चारला. पिवळं बोटही त्याचंच. ओठ नेटलचा, आणि नेटल इडिथ मौन्सीची. शिकारी टेरियर कुत्री, वय सहा, अंगाने मांजराएवढी. खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा.

लँटी तेवढ्यावर थांबला असता तर इडिथने गिळलंही असतं. पण त्याने पाठ सरळ केली आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "असल्या तोंडावर मी माझा कुत्रा, रॉक, लावणार नाही. कुणी आपला नर लावूही नये."

दोराबाहेरून कुणीतरी ओरडलं, "अगं इडिथ, त्या खालच्या दातांवर कपबशी ठेवता येईल की!"

"ठेव ना," इडिथ म्हणाली, "आणि तुझं डोकंही ठेव. हलकंच आहे, मावेल."

लोक हसले. ती हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

कारण एप्रिलमध्ये याच लँटीने थुंकी लावलेला तळहात तिच्या तळहातावर आपटला होता. इथे असा हात मिळवला की शब्द मोडत नाहीत. मोडणाऱ्याला कातरणीच्या वेळी मदतीला कुणी येत नाही. कोल्ह्याने तिची सात कोकरं नेली होती. वरच्या दरडीतल्या बिळात नेटल एकटी शिरली. चार तास बाहेरच्या माणसांना फक्त खडकाच्या पोटातून भुंकणं ऐकू येत होतं. मग कोल्हा बाहेर आला, त्याच्यामागे नेटल, एक कान लोंबत असलेली. लँटीने टोपी काढली होती. "पुढच्या माजाला हिला घेऊन ये, इडिथ. रॉक तुझाच समज."

पुढचा माज ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर नेटलचं वय उलटणार. आता पिल्लं झाली नाहीत, तर ती दरडीत शिरणारी छाती तिच्याबरोबरच मातीत जाणार होती. इडिथला बक्षीस नको होतं. तिला पिल्लं हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लँटीच्या अंगणात उभी होती. चहा, बसणं, काही झालं नाही. तिने थेट विचारलं,

"गेल्या वर्षी मेंढ्यांची परीक्षक म्हणून तुझा मेंढा मी नापास केला, म्हणून ना?"

"नाही."

"खोटं बोलू नकोस. जबडा काडीभर पुढे होता म्हणून मी त्याला रिंगणाबाहेर काढला. त्याचाच सूड हा."

"तू बरोबर केलंस," लँटी म्हणाला. "मी घरी आणून कापला त्याला. नाताळात खाल्ला."

हे उत्तर तिला नको होतं. भांडायला आलेल्या माणसाला मध्येच असं मान्य करून टाकणं म्हणजे पायाखालची पायरी काढणंच.

"अरे, पण मेंढा गवत खातो! माझी कुत्री दरडीत गवत खायला जाते का?"

"पकड सुटते, इडिथ."

"चार तास सुटली नाही! तू तिथे होतास. टोपी हातात धरून रडत होतास."

"रडत नव्हतो. वारा होता."

"वारा!"

तिचा आवाज चढला तशी भिंतीजवळ पोत्यावर उन्हात पडलेली म्हातारी टॅन्सी जागी झाली. रॉकची आई. तिच्या कामाच्या गोष्टी खोऱ्यात सगळ्यांना पाठ होत्या, पण लँटीने तिला मेळ्यात कधी आणलं नव्हतं. तिने डोळे मिचकावले आणि मोठी जांभई दिली.

इडिथने तीस वर्षं मेंढ्यांची तोंडं पाहिली होती. तिला बोट घालावं लागलं नाही. टॅन्सीचा खालचा जबडा नेटलपेक्षाही पुढे होता.

तिने टॅन्सीच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"म्हणजे तुझ्या घरातही तेच आहे," इडिथ म्हणाली.

लँटी पाइपमधली राख बुटावर झाडत राहिला. "रॉकचं तोंड सरळ आहे. पण रक्तात असणारच. नेटलकडून आलं आणि याच्याकडूनही आलं, तर पिल्लांना आचळ धरता येत नाही. एकदा झालंय माझ्याकडे. तीन पिल्लं. आईच्या पोटाशी राहून उपाशी मेली."

"मग एप्रिलमध्ये का नाही बोललास?"

"तेव्हा तोंड पाहिलंच नव्हतं. काम पाहिलं होतं."

"आणि काल?"

"काल माणसं होती." त्याने मान वर केली नाही. "रॉकची पिल्लं घ्यायला पार कार्लाइलहून लोक येतात, इडिथ."

"म्हणून माझ्या कुत्रीचं तोंड चारचौघांत उघडलंस, म्हणजे तुझं झाकलेलं राहील! मला बाजूला घेऊन हे तीन पिल्लांचं सांगितलं असतंस, तर मी तुझे आभार मानले असते, मेल्या. रविवारी चर्चच्या दारात टॅन्सीला घेऊन ये. दाखव सगळ्यांना."

"ते नाही जमायचं."

"मग कातरणीला तुझ्या मेंढ्या तूच कातर."

ती निघाली. वाटेत तिचा राग लँटीवरून दोराबाहेर उभ्या असलेल्या माणसांवर गेला. 'नापास' ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. एकानेही विचारलं नव्हतं, की अरे, हिने काम काय केलंय? का विचारतील? मेंढपाळ माणसं, तोंड उघडायचं आणि निकाल लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक. आणि त्याच रिंगणात उभं राहून तीस वर्षं त्यांना हे कुणी शिकवलं होतं? तिने फाटक एवढ्या जोरात आपटलं की बिजागरी निघाली. मग ती बिजागरी तिलाच बसवावी लागली, त्याचाही राग आला.

सप्टेंबरात लँटीच्या कातरणीला कुणी गेलं नाही, असं मात्र झालं नाही. ती सोडून सगळे गेले.

ऑक्टोबरमध्ये नेटल माजावर आली. इडिथ तिला घेऊन पाटीच्या दगडाच्या खाणीवर गेली. तिथल्या जॉस व्हार्टनकडे एक तांबडा, बुटका टेरियर होता. मेळ्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं, पण दोन हिवाळ्यांत त्याने नऊ कोल्हे बिळाबाहेर काढले होते.

"तुझ्या कुत्रीबद्दल ऐकलंय मी," जॉस म्हणाला.

"काय ऐकलंस? दात की दरड?"

"दोन्ही."

"मग?"

"मग काय! माझ्या तरी तोंडात कुठे धड दात आहेत? लाव." त्याने कुत्रा पुढे केला. "याचं तोंड बघायचंय?"

नाही म्हणावं असं तिला फार वाटलं. भर मेळ्यात नाही म्हणावं, खोऱ्याला ऐकू जाईल असं. पण आईच्या पोटाशी उपाशी मेलेली ती तीन पिल्लं डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती खाली बसली, कुत्र्याचा ओठ वर केला, आणि स्वतःच्याच बोटाकडे रागाने पाहत राहिली. दात कात्रीच्या पात्यांसारखे बसत होते.

"सरळ आहे," ती म्हणाली आणि नेटलचा पट्टा सोडला.

तसा नेटलच्या आईचाही जबडा सरळच होता, आणि बापाचाही.