कातड्याची तहान

फिलिन्ना रोज दुपारी उंबऱ्यावर पाण्याचं मडकं ठेवायची आणि रोज ते रिकामं व्हायचं. तिचा लेक दामोन डोंगरात शेळ्या राखताना अस्वलाने खाल्ला, त्याला वर्ष झालं होतं. हाड नाही, केस नाही; पुरायचं तरी काय? आणि मातीआड न गेलेल्याला मेलेल्यांच्या नदीपलीकडे कुणी नेत नाही. भर उन्हात दाराशी तहानलेला येतो तो दामोनच, याबद्दल तिला शंका नव्हती. शेजारणी म्हणायच्या, "कुत्री पितात गं." तिने कुत्री बांधून पाहिली होती.

मग पेरीलाओस नावाचा वीर आला आणि त्याने ते अस्वल मारलं. गावाने मांस जाळलं, वीराने कातडं खांद्यावर टाकलं. फिलिन्ना त्याच्या वाटेत उभी राहिली.

"ते मला दे, बाबा. माझं पोर त्यातच आहे. पुरते त्याला."

"मावशी, याच्यापायी माझ्या दोन बरगड्या मोडल्यात. आणि तू हे खड्ड्यात घालणार?"

तो हसला, म्हणून गावही हसलं. वीर हसला की हसणारे कुठेही मिळतात.

द्राक्षं तोडून झाली, त्या दिवसांत एका दुपारी दाराशी पावलं वाजली. पेरीलाओस उभा होता, गालफडं बसलेला. झोपलेलं मूल आणावं तसं त्याने कातडं दोन्ही हातांवर आणलं होतं.

"घे हे. ऊन चढलं की पाणी मागतं."

"काय म्हणून हाक मारतं?"

"आई म्हणतं. इथे, माझ्या कानाशी."

"मग पाजलंस?"

त्याने मान खाली घातली. "घाबरलो, मावशी."

तिला त्याची कीव आली आणि संतापही आला. अस्वलाच्या अंगावर धावून जाणाऱ्याला घोटभर पाणी देववलं नव्हतं.

तिने कातडं खाटेवर निजवलं, पाय दाराकडे. धुतलं, तेल लावलं, आपली पांढरी बट कापून वर ठेवली. खड्डा पेरीलाओसने खणला. उघड्या खांद्यांच्या त्या माणसाला गावात कुणी ओळखलं नाही. तिने लेकाला नावाने तीनदा हाक मारली आणि माती लोटली.

दुसऱ्या दिवशी तिने मडकं ठेवलं. ऊन कललं तरी ते काठोकाठ भरलेलंच होतं. वर्षभर तिला हेच हवं होतं. तरी ती संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर वाट बघत बसली, आणि मग तिने हंबरडा फोडला.